ज्यानं काढलं त्यानंच पोतायचं

कोळसाबाईच्या उजव्या हाताची तीन बोटं कायम काळी असायची. लग्नात वाढायला उभी राहिली की पोळीवर तिची खूण उठायची. कोणी नाक मुरडलं तर म्हणायची, "खाय न बापा, कोळशानं कोनी मेला नाई."

नाव तिचं वेगळंच होतं, पण दरेकशाजवळच्या आमच्या गावात ते फक्त रेशनकार्डावर उरलं होतं. उभा जन्म अंगणवाडीत मदतनीस म्हणून गेला. निवृत्त झाल्यावर कमरेच्या बटव्यात चुलीतले कोळसे घेऊन ती गावभर हिंडायची. कोणाच्या घरी कोणी दुःखानं, रागानं, भीतीनं कोंडून बसलंय असं कानावर आलं की ही तिथं हजर! कोळसा पुढं करायची आणि म्हणायची, "काहाड भितीवर."

भिंत म्हणजे मातीची, पांढऱ्या छुईमातीनं पोतलेली. सणावाराला आम्ही भिंती पोततोच. तिनं त्यातूनच आपली रीत बसवली होती. मनात आहे ते भिंतीवर काढायचं, हवे तितके दिवस पाहायचं, आणि पुरे झालं असं वाटलं की वरून छुई फिरवायची. मात्र ज्यानं काढलं त्यानंच पोतायचं. दुसऱ्यानं हात लावायचा नाही.

चित्राला ती कधी छान म्हणाली नाही. मी पडले शाळामास्तरीण, वहीत शाब्बास लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. तिचा हा कोरडेपणा मला फार खुपायचा. "हे काय काढलं?" असंही ती विचारत नसे. नुसतं म्हणायची, "मंग?"

आणि त्या 'मंग'नं काय काय व्हायचं! माझे एक चुलत दीर आणि त्यांचा सख्खा भाऊ, दोघांचं बांधीच्या धुऱ्यावरून, म्हणजे भातशेताच्या बांधावरून, बोलणं बंद होतं. कोळसाबाईनं दिरांना भिंतीपुढं उभं केलं. त्यांनी भावाला हातभर लांब शिंगं काढली. सगळं गाव पाहायला लोटलं, तसा दुसऱ्या दिवशी भाऊही आला. त्यानं चित्र पाहिलं, कोळसा मागून घेतला आणि त्या चित्राला स्वतःच्या हातानं शेपूट काढली! हसून हसून दोघांची पुरेवाट झाली. धुरा अजून वाकडाच आहे, पण चहा एकत्र होतो.

पुढे गोंदियाला आमचं एक प्रशिक्षण झालं. तिथले साहेब पडद्यावर चित्रं दाखवत सांगत होते, "देखिए मॅडम, मुलांना बोलता येत नाही ते चित्रातून बाहेर येतं." मी तर खुर्चीतून उठलेच! "सर, आमच्या गावात एक बाई हे कोळशानं करते!" सगळे हसले. परत येऊन मी तिला मोठ्या उत्साहानं सांगितलं, तर म्हणाली, "त्या साहेबाकडं भित आहे का पन?"

पण मला इतका उत्साह का, ते सांगायचं तर आमच्या घरचं सांगायला हवं.

माझ्या सासूबाई आणि त्यांची धाकटी जाऊ दर वर्षी जोडीनं मोहफुलं वेचायला जंगलात जायच्या. एका वर्षी अस्वलानं जावेला धरलं. दवाखान्यात पोचायच्या आत त्या गेल्या. त्या दिवसापासून सासूबाईंनी अंगणाबाहेर पाऊल टाकलं नाही. बोलणं बंद, जेवण चार घासांचं. डॉक्टरांच्या गोळ्यांनी झोप तेवढी लागे. माणूस डोळ्यांसमोर संपत होतं आणि आम्हाला काही सुचत नव्हतं.

कोळसाबाई रोज यायची, नुसती बसून जायची. बाराव्या की तेराव्या दिवशी सासूबाईंनी कोळसा हातात घेतला आणि अंगणाकडच्या भिंतीवर अस्वल काढलं. केवढं! छपरापर्यंत! दुसऱ्या दिवशी त्यांनी ताट पुढं करून खुणेनं भात मागून घेतला. मी आनंदानं वेडी व्हायची बाकी होते.

आणि मग मीच घाण केली. दिवाळीला नणंदेला पाहायला पाहुणे येणार होते. दारात एवढं काळं अस्वल, ते काय म्हणतील? सासूबाई झोपल्या असताना मी बादलीभर छुई कालवली आणि तासाभरात भिंत लख्ख केली. त्यांनी उठून भिंत पाहिली, आत गेल्या आणि पुन्हा अंथरुणाला खिळल्या. नियम मला पाठ होता. पण चार लोकांपुढं घर स्वच्छ दिसावं, ही आम्हा सुनांची खोड जाता जात नाही.

"काऊन पोतलीस व?" कोळसाबाई एवढी चिडलेली मी कधी पाहिली नव्हती. "ते बाहेर आलतं. तू पुना आत धाडलंस." मी रडले. तिनं समजूत काढली नाही. पदर खोचून सासूबाईंजवळ जाऊन बसली.

पौष लागला तेव्हा सासूबाई पुन्हा भिंतीपाशी आल्या. या खेपेला अस्वल गाडग्याएवढंच होतं. शेजारी पडलेली जाऊ. आणि दूर, भिंतीच्या पार टोकाला, पाठमोरी पळणारी एक बाई.

"मंग?" कोळसाबाई म्हणाली.

"मी पराली," सासूबाई म्हणाल्या. दहा महिन्यांनी त्यांचा आवाज ऐकला आम्ही!

"मंग?"

"तिनं आवाज देल्ला. मी मांगं नाई वरली."

मला वाटलं, आता ही म्हणेल, तुझी काही चूक नाही. ती तसलं काही म्हणाली नाही. कोळसा त्यांच्या मुठीत दाबला आणि म्हणाली, "आता मांगं वर."

सासूबाईंनी त्या पाठमोऱ्या बाईला जावेकडं वळवलं, तिला डोळे काढले, नाक काढलं, उघडं तोंड काढलं. काढता काढता जावेच्या नावानं जो हंबरडा फोडला तो अर्ध्या गावानं ऐकला. आठ दिवस ते चित्र राहिलं. नवव्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः छुई कालवली. मी बादलीला बोटसुद्धा लावलं नाही.

फाल्गुनात कोळसाबाईला तिची मुलगी डोंगरगडला घेऊन गेली, कायमची. डोळे अधू झाले होते. दरेकशाच्या स्टेशनावर निम्मं गाव पोचवायला आलं होतं, आणि त्यात सासूबाई होत्या! जंगलातल्या वाटेनं, माझा हात घट्ट धरून, पण आपल्या पायांनी. गाडी हलली तेव्हा मी रडतच होते. कोळसाबाई खिडकीतून ओरडली, "मास्तरीन, रडून कायले राहिलीस? घरी जाऊन काहाड!" पुढं दोन वर्षांनी ती तिकडेच वारली. तिची फार फार आठवण येते.

पण त्या दिवशी परतताना वाटेत मोहाखाली फुलांचा सडा पडला होता. सासूबाई थांबल्या. माझा हात सोडला, पदर पसरला आणि वाकून वेचायला लागल्या. मी थोड्या अंतरावर वेचू लागले. दर दोन-चार फुलांनी त्या मान वळवायच्या आणि मोठ्यानं हाक मारायच्या, "आहेस न व?"

आणि मी दर वेळी तितक्याच मोठ्यानं ओरडत होते, "आहे, आई!"