सत्तर पानांची मूठ

"हाड जुळलंय, पण वाकडं जुळलंय," एक्स-रे उजेडाला धरून डॉक्टर म्हणाले. "पडून किती दिवस झाले?"

"बारा."

"मग बारा दिवस केलं काय?"

हाताभोवती बांबूच्या कामट्या होत्या, त्याखाली पाल्याचा वाळलेला लगदा होता. डॉक्टरांच्या समोरच नर्सबाई तो कात्रीनं कापून काढत होत्या. मी तीस वर्षं अंगणवाडी चालवली. पोरांना डोस द्या, बाळंतपणं दवाखान्यात करा, असं दारोदार सांगत फिरले. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा वैदूकडे गेले! लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

धानोरा तालुक्यातल्या माझ्या गावात हापशीच्या ओट्यावर शेवाळ धरतं. डिसेंबरात त्यावरून पाय सटकला आणि सगळा भार उजव्या तळहातावर आला. हात काट्याचमच्यातल्या काट्यासारखा वाकला होता, तरी वाटलं, मुरगळला असेल. गडचिरोलीच्या दवाखान्यात त्याचं नाव कळलं, डिस्टल रेडियस फ्रॅक्चर. म्हणजे कोपरापासून अंगठ्याकडे येणारं हाड मनगटापाशी मोडणं. पडताना हात टेकला की हेच हाड जातं, आणि पन्नाशीनंतरच्या बायांचं तर फारच, असं डॉक्टर म्हणाले.

बायांनो, वैदूशी माझं भांडण नाही. त्यानं कितीतरी लोकांचे हातपाय बसवले आहेत. पण आधी एक्स-रेचा फोटो काढा आणि मग कोणाकडे जायचं ते ठरवा. माझं एवढं ऐकलं तरी हे लिहिल्याचं सार्थक झालं.

चंद्रपूरला ऑपरेशन झालं. हाड परत सुटं करून सरळ केलं आणि धातूची पट्टी घालून सहा स्क्रू बसवले. माझी लेक सुरेखा चंद्रपुरातच राहते, जावई वीज केंद्रात आहेत. दर आठवड्याला फिजिओथेरपीला जायचं होतं, म्हणून मी तिच्याच क्वार्टरात राहिले. महिनाभर म्हणून आले आणि चार महिने अडकले.

लेकीनं काही कमी केलं नाही. वेणी घातली, भात कालवून दिला. पण मला करमेना. खिडकीतून चिमण्या दिसत, म्हणजे धुराड्याच्या. गावाकडं आता शेतातली लाखोरीची डाळ काढत असतील, मोहाला कळ्यांच्या कुच्या आल्या असतील, हेच डोक्यात. आणि खरं सांगू, आता लाजायचं वय राहिलेलं नाही, मला सुरेखाच्या बाबांची आठवण यायची.

हा माणूस जन्माचा अबोल. शेजाऱ्याच्या फोनवरून दर रविवारी फोन करायचे.

"जेवली का?"

"हाव, जेवली. तुम्ही?"

"हं."

"गाय कशी आहे?"

"बरी."

मग नुसता श्वास ऐकू यायचा. मागं आमच्या गायीच्या गळ्यातलं लाकडी ठोकळं वाजायचं. मी तेच ऐकत बसायची, आणि सुरेखा म्हणायची, "आई, बोलत त काहीच नाई तुम्ही दोघं, मंग फोन काऊन धरून ठेवते व?"

तिला काय सांगू? वर्षातून पंधरा दिवस या माणसाला कंठ फुटतो. मे महिन्यात, तेंदूपत्त्याच्या, म्हणजे बिडीच्या पानांच्या हंगामात. पहाटे जंगलात जाऊन पानं तोडायची, दुपारी मांडवाखाली ढीग घालून समोरासमोर बसायचं आणि पुडे बांधायचे. सत्तर पानांचा एक पुडा. संध्याकाळी ते पुडे फळीवर, म्हणजे ठेकेदाराच्या मोजणीच्या जागेवर नेऊन द्यायचे. हात कामात गुंतले की यांची जीभ सुटते. मला बघायला आले होते तेव्हा यांनी दोनदा पाणी मागितलं. तहान नव्हती, पाणी मी आणत होते म्हणून मागितलं. ही गोष्ट मला लग्नानंतर एकविसाव्या वर्षी कळली, आणि तीही पानांच्या ढिगापलीकडून. सुरेखा झाली त्या दिवशी हे दवाखान्यामागं जाऊन रडले, तेही तसंच कळलं. बाकीचे साडेअकरा महिने "हं" आणि "बरी".

म्हणून मला मे महिन्याच्या आत हात पाहिजे होता. डावीत सत्तर पानं घट्ट धरायची, उजवीनं पळसाच्या मुळीचा वाक करकचून ओढायचा आणि मनगट मुरडून गाठ बसवायची. वाक म्हणजे आमचा दोरा. पुडा ढिला राहिला तर फळीवर परत करतात.

फिजिओथेरपीच्या मॅडम वयानं सुरेखापेक्षा लहान होत्या. त्यांनी माझ्या हातात एक दांडा दिला आणि आवळायला सांगितलं. त्याला डायनामोमीटर म्हणतात, मुठीचा जोर किती किलो ते काट्यावर दिसतं. डावा हात एकवीस, उजवा पाच. "पाच किलोत काय काय होतं?" मी विचारलं. "पेन धरता येईल, चहाचा कप धरता येईल," त्या म्हणाल्या. पेन आणि कप घेऊन मी जंगलात काय करू?

आधी गरम पाण्यात हात शेकणं, मग ओला टॉवेल पिळणं, मग मऊ गोळा दाबणं. दहा आठवडे झाले आणि एक्स-रेत हाड पक्कं दिसलं, तेव्हा मॅडमनी मोसंबीएवढा एक गोळा पुढं ठेवला. गायरो बॉल. वरून प्लास्टिकचं कवच, आत फिरणारं जड चाक. खाचेत दोरी गुंडाळून हिसका मारला की चाक फिरायला लागतं. मग मनगट गोल गोल हलवत राहायचं. जितकं हलवाल तितकं चाक जोरात फिरतं, आणि जितकं जोरात फिरतं तितका गोळा हातातून भलतीकडं ओढ घेतो. बाजारातून कोंबडा आणताना तो हातात कसा धडपडतो, तसंच. त्याला सोडायचं नाही. त्यानंच पंजा, मनगट आणि कोपराखालचा हात, सगळ्यांना एकदम काम मिळतं.

"एक मिनिट सकाळी, एक मिनिट संध्याकाळी," मॅडमनी बजावलं. "दुखलं की थांबायचं. आणि तुमची पट्टी आतमध्ये आहे हे विसरू नका."

पहिले चार दिवस गोळा माझ्या हातात मरूनच जायचा. मी गोल फिरवते आहे असं मला वाटायचं, पण मनगट आपलं मागंपुढं हलायचं. पाचव्या दिवशी चाकानं सूर धरला. घूंऽऽ. मी खुर्चीतून ओरडले, "लागला व, लागला!" जावई आंघोळ अर्धी टाकून धावत आले. त्यांना वाटलं, शॉक लागला.

एप्रिलात यांचा फोन आला. "जेवली का" झाल्यावर म्हणाले, "फळी ठरली. पुढच्या महिन्यात पहिल्या हप्त्यात."

"मी येते."

"ऊन लय आहे. नको येऊ."

फोन ठेवला आणि माझं डोकं सणकलं. नको येऊ म्हणजे? चार महिन्यांत सवय झाली वाटतं एकट्याची!

दुसऱ्या दिवसापासून मी मॅडमचं एक मिनिट गुंडाळून ठेवलं. सुरेखा कामाला गेली की गोळा काढायची. पाच मिनिटं, दहा मिनिटं, मग वीस. दुपारी कॉलनीतल्या बदामाच्या झाडाखालून पानं वेचून आणायची आणि नाडीनं बांधून बघायची. शेजारणी गॅलरीतून बघायच्या. एकीनं सुरेखाला विचारलंसुद्धा, "तुमच्या आईची तब्येत बरी आहे ना?"

"आई, काय करून राह्यली तू हे?" सुरेखा कपाळाला हात लावून म्हणाली. "लोकं हासून राह्यले."

"हासू दे. त्यांले बांध म्हणा एक पुडा."

नवव्या दिवशी अंगठ्याकडून कोपराकडं कळ गेली. सकाळी मनगट फुगलं होतं आणि बोटं हलवली की आत करकर वाजत होतं. अती तिथं माती. मॅडमनी हात लावला आणि माझ्याकडं असं बघितलं, जसं अंगणवाडीत चोरून गूळ खाणाऱ्या पोरीकडं मी बघायची. "टेनोसायनोव्हायटिस," त्या म्हणाल्या. स्नायूंचे दोर ज्या नळीतून सरकतात, ती नळी सुजणं. "किती वेळ करत होता?"

खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, त्याचंच मला वाईट वाटलं. "काकू, हात शेतासारखा आहे. रोज पाणी जास्त दिलं म्हणून धान लवकर पिकत नाही," एवढंच म्हणाल्या. तीन आठवडे गोळा बंद, पट्टा बांधून पूर्ण आराम.

ते तीन आठवडे मी कसे काढले ते माझं मला माहीत. गावाकडून येणारी एसटी स्टँडवर बघायला मी दोनदा उगाच जाऊन आले. कोणी ओळखीचं उतरलं नाही.

मे उजाडला. हंगाम सुरू झाला, एक दिवस गेला, दोन गेले. तिसऱ्या दिवशी मॅडमनी पट्टा सोडला आणि दांडा आवळायला दिला. अकरा किलो. "जा आता," त्या म्हणाल्या. "पण हात सांगेल तेवढंच." त्या मुलीचे आणि ऑपरेशनच्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. सुरेखाचे तर मोजायचेच नाहीत. ही सगळी माणसं होती म्हणून आज हे पान मी उजव्या हातानं लिहिते आहे, मधे मधे थांबत का होईना. तुमचा हात असा झाला तर घाई करू नका आणि आशाही सोडू नका.

चौथ्या दिवशी दुपारी गावात उतरले. घराघरासमोर पानांचे ढीग, बाया मान खाली घालून बांधत होत्या. हिरव्या पानांचा तो वास आला. आमच्या अंगणात आले तर अंगण कोरडं ठणठणीत. ढीग नाही, वाक नाही. हे मांडवाखाली खाटेवर बसलेले.

"तुम्ही काऊन नाई गेले जंगलात?" पिशवी खाली न ठेवताच मी तोंड सुरू केलं. "चार दिवस बुडवले? तब्येत बरी नाई का? बोला ना!"

त्यांनी माझी पिशवी घेतली. पट्ट्याची खूण राहिलेल्या मनगटाकडं बघितलं.

"जेवली का?" म्हणाले.

मी रागानं आत गेले आणि भांडी आपटली. डाव्या हातानंच.

पाचव्या दिवशी पहाटे दोघंही गेलो. दुपारी समोरासमोर बसलो. माझा पहिला पुडा ओढताना गाठ बसेना, आणि सत्तरच्या सत्तर पानं मांडीवर पसरली. अकरा किलो म्हणजे किती कमी, ते तेव्हा कळलं. शेजारच्या बाईनं बघून न बघितल्यासारखं केलं. हे सरकून जवळ आले, पानं जमवली, आपल्या दोन्ही मुठींत आवळून धरली आणि माझ्यापुढं केली. मी फक्त वाक फिरवायचा आणि ओढायचा. दोघांत मिळून एक पुडा. दुसऱ्यांचे तीन होत तेव्हा आमचा एक होई.

सातआठ पुडे असेच गेले, मुकाट्यानं. मला वाटलं, या वर्षी यांचं बोलणंही गेलं.

"काल तू इचारलं होतं ना," ते पानांकडंच बघत म्हणाले, "काऊन नाई गेलो म्हणून."

"हं."

"गेलो होतो पहिल्या दिवशी. पानं आणली, इथीच बसलो. दोन पुडे बांधले." त्यांनी पानांची कड सारखी केली. "मंग समोर पाह्यलं त कोणी नाई. बोलू कोणासंग? उठून गेलो. पानं सुकून गेली सारी."

"आणि मले त म्हणत होते, नको येऊ!"

"हात दुखला असता तुहा."

मला रडू आलं. चांगलं भरभरून आलं, सगळ्या गल्लीसमोर. पुसायला हात मोकळा नव्हता, वाक धरलेला होता.

"ओढ ना व," ते म्हणाले. "किती वेळ धरून राहू?"

मी ओढला.