मायस्थेनिया, मी आणि आईच्या दुपारी

डॉक्टरांनी माझ्या उतरलेल्या पापणीवर बर्फाची पिशवी ठेवली आणि दोन मिनिटं डोळा उघडू नका म्हणाले. मीरा रोडच्या एका हॉस्पिटलची ओपीडी. बाहेर बाकांवर जागा नव्हती, लोक भिंतीला टेकून नंबरची वाट बघत होते. आत हे मेंदूविकाराचे डॉक्टर घड्याळाकडे बघत बसले होते.

दोन मिनिटांनी पिशवी काढली, तर सहा महिने अर्धी मिटलेली पापणी वर गेलेली. समोर बसलेला माझा नवरा प्रकाश हसला. डॉक्टर हसले नाहीत.

"मला वाटतं हा मायस्थेनिया ग्रेव्हिस आहे," ते म्हणाले. "रक्त तपासून खात्री करू."

मग त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. मेंदूचा निरोप नसेतून स्नायूपर्यंत येतो. या आजारात आपलंच शरीर असं काही तयार करतं, की तो निरोप स्नायूला नीट मिळत नाही. स्नायू वापरला की भराभर थकतो, थांबलं की थोडी ताकद परत येते. आजार पूर्ण जाईलच असं सांगता येत नाही, आटोक्यात ठेवता येतो.

"गोळ्या मी लिहून देतो. विश्रांती मात्र तुम्हालाच घ्यायची आहे," ते म्हणाले. "आणि ती दमल्यावर घ्यायची नसते. दमायच्या आधी घ्यायची."

मी मान हलवली. मनात म्हटलं, एवढंच ना. तेव्हा मी शेहेचाळीस वर्षांची होते आणि दमायच्या आधी आडवी झालेली बाई मी आयुष्यात पाहिलेली नव्हती.

सुरुवात शाळेत झाली होती. मी भाईंदर पूर्वेला एका प्राथमिक शाळेत तिसरीला शिकवायचे. चौथ्या तासाला मला एका बाकावर दोनाऐवजी चार मुलं दिसायला लागली. मग आवाज बदलला. सकाळी खणखणीत असायचा, दुपारी नाकात बोलल्यासारखा यायचा. मुलं हसायची, मीही हसायचे. घरी पोळी खाताना शेवटच्या घासांना जबडा चालेनासा व्हायचा. हाताने हनुवटीला आधार देऊन चावायचे आणि कोणाला दिसू नये म्हणून पाठ करून बसायचे.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी चष्म्याचा नंबर बदलून दिला. दुसरे एक डॉक्टर म्हणाले, या वयात पाळी जायच्या सुमाराला असं होतं, टेन्शन घेऊ नका. त्यांचंही काही चुकलं असं मी म्हणणार नाही. मी त्यांच्याकडे सकाळी जायचे, आणि सकाळी मी ठणठणीत असायचे.

रक्ताचा रिपोर्ट आठवड्याने आला. आर.एन.एस. नावाची तपासणी झाली, म्हणजे नसेला पुन्हापुन्हा विजेचे छोटे झटके देऊन स्नायू किती लवकर थकतो ते पाहतात. दुखतं, पण सहन होतं. छातीचं सी.टी. स्कॅन केलं, कारण या आजारात छातीतल्या थायमस ग्रंथीत गाठ असू शकते. माझ्यात ती नव्हती. त्या दिवशी बाहेरच्या बाकावर प्रकाशने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

डॉक्टरांनी एक सवय लावून दिली. रोज सकाळी खोल श्वास घ्यायचा आणि त्या एका श्वासात मोजायचं. पन्नासच्या आसपास जातंय तोवर ठीक. विसाच्या खाली आलं, तर फोन करत बसायचं नाही, सरळ यायचं. श्वासाचे स्नायूही थकू शकतात, म्हणून.

गोळ्यांनी फरक पडला. विश्रांती मात्र जमेना. मुख्याध्यापिकांनी वर्गात खुर्ची दिली, पण तिसरीचा वर्ग खुर्चीत बसून आवरत नाही. इंद्रलोक या भाईंदरच्याच भागातल्या आमच्या घरात एक खोली आणि हॉल. दुपारी आडवी झाले की दाराची बेल वाजायची. समोरची शेजारीण प्रेमानेच म्हणायची, "भाभी, आप तो बिलकुल ठीक दिखती हो." ते 'ठीक दिसणं' मला फार जड झालं. प्लास्टर असतं, तर निदान दाखवता आलं असतं.

मग रत्नागिरीकडच्या गावाहून माझी आई मदतीला आली. त्र्याहत्तर वर्षांची. वडील गेल्यावरही एकटीने घर, परसबाग, गोठा सांभाळलेली. तिने माझं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. मी दुपारी खोलीत पडलेली असायचे आणि बाहेर ती भांडी घासत असायची. मुद्दाम वाजवायची असं नाही, पण मला तसंच ऐकू यायचं.

एकदा ती म्हणाली, "बाय, पडून राह्यलं की अंग गंजतं. जरा हिंड-फीर." तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिला खरंच तसं वाटत होतं. मी उठले आणि डाळ निवडायला बसले. दुसऱ्या दिवसापासून दुपारचं आडवं होणं बंद केलं. मला डॉक्टरांपेक्षा आईची लाज जास्त होती.

एप्रिलमध्ये आईने वर्षाचा मसाला करायला काढला. मी नको म्हटलं, बाजारात मिळतो म्हटलं. ती ऐकणारी नव्हती. वार्षिक परीक्षेचे पेपर तपासून मी आधीच पिळून निघाले होते, घसा दुखत होता. तरी त्या उन्हाळ्यात ती एकटी गॅसपुढे उभी आहे हे बघवेना. दोन दिवस आम्ही दोघींनी मिरच्या, धणे, खोबरं भाजलं. उष्णतेने हा आजार बळावतो हे मला सांगितलेलं होतं. मला माहीत होतं, हे मी इथे मुद्दाम लिहिते आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचा घोट घेतला, तो नाकातून बाहेर आला. मान उचलून धरता येईना. बेसिनपाशी टेकून मी श्वास घेतला आणि मोजायला लागले. अकरापर्यंत गेले.

प्रकाशने मला रिक्षात घातलं. आमची मुलगी केतकी कॉलेजला निघाली होती, ती तशीच आमच्याबरोबर बसली. माझं डोकं तिने दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवलं होतं. आई दारात उभी होती. तिच्या हाताला मसाला होता.

याला मायस्थेनिक क्रायसिस म्हणतात. श्वासाचे स्नायू थकून बंद पडायच्या बेताला येतात. घशातलं इन्फेक्शन, ऊन, दगदग, सगळं मिळून झालं असावं असं डॉक्टर म्हणाले. घशातून नळी घातली, व्हेंटिलेटर लावला, शिरेतून पाच दिवस औषध दिलं. मी नऊ दिवस मशीनवर होते.

त्या नऊ दिवसांबद्दल फार लिहवत नाही. शुद्ध असते, आवाज नसतो. काय हवं ते पाटीवर लिहायचं, आणि तीन अक्षरांनंतर हात खाली पडतो. माझ्या वाटचा श्वास मशीन घेत होतं. मी आयुष्यात इतकी पडून कधीच राहिले नव्हते, आणि त्या पडण्यात विश्रांती अजिबात नव्हती.

आईला एकदा आत सोडलं. पाच मिनिटं. ती पायापाशी उभी राहिली, मग जवळ आली आणि माझ्या कपाळावर हात ठेवला.

"मला कळलंच नाय गं," ती म्हणाली. "मला वाटलं, तू नुसती दमतेस."

मला बोलता येत नव्हतं.

बाविसाव्या दिवशी घरी आले. शाळेचा राजीनामा प्रकाशच्या हाती पाठवला. मुलांचा निरोप घेता आला नाही. ते अजून सलतं.

घरी आल्यावर आई बदलली होती. जेवणं झाली की दाराची बेल ती बंद करून ठेवायची आणि आल्या-गेल्याला दारातूनच सांगायची, "झोपलीय ती. पाचनंतर या." हिंदी येत नव्हती तरी सगळ्यांना समजायचं. आणि एक दिवस तिने माझ्या पलंगाजवळ चटई टाकली, दोन उशा एकावर एक ठेवल्या आणि स्वतः आडवी झाली. मी तिला दुपारी आडवी झालेली प्रथमच पाहत होते.

छताकडे बघत ती म्हणाली, "मी पण दमतेय गं. दोन वर्षं झाली. पण सांगायचं कोणाला?"

मी उठून बसले. तिच्या पायांकडे नीट पाहिलं. घोट्यांना सूज होती, बोट दाबलं की खड्डा राहत होता. सपाट झोपलं की जीव घाबरतो म्हणून ती दोन उशा घेत होती. इतके महिने माझ्या घरात राहून मला हे दिसलं नव्हतं. मी स्वतःच्या स्नायूंचा हिशेब ठेवण्यात गुंग होते.

टू-डी इको केला. म्हणजे सोनोग्राफीसारखंच, हृदयाचं. हार्ट फेल्युअर निघालं. हृदय बंद पडतं असा याचा अर्थ नाही, ते रक्त पुरेसं पुढे ढकलू शकत नाही. डॉक्टरांनी विचारलं, यांना आधी धाप लागत नव्हती का? आई म्हणाली, "लागायची. कामात लागतेच की."

म्हणजे एप्रिलमध्ये गॅसपुढे आम्ही दोघी आजारी बायका उभ्या होतो, आणि दोघी एकमेकींना लाजून उभ्या होतो.

त्यानंतर आम्हाला तेरा महिने मिळाले. रोज दीड ते साडेतीन. पंखा, ओढलेले पडदे, ती चटईवर, मी पलंगावर. कधी ती लहानपणच्या गोष्टी सांगायची, बहुतेक वेळा दोघी नुसत्या पडून असायचो. मला चांगलं वाटायचं असं नाही. कित्येक दुपारी मी भिंतीकडे तोंड करून शाळेसाठी रडले. तिला कळायचं. ती हात वर करून पलंगाच्या कडेवर ठेवायची.

जूनमधल्या एका दुपारी मला साडेतीनला जाग आली. आई शांत होती. मी तिला उठवलं नाही. झोपलेल्या माणसाला उठवायचं नाही, हा आता आमच्या घरचा नियम होता. आवाज न करता मी बाहेर गेले, चहा ठेवला, चार वाजून गेले तरी ती आली नाही तेव्हा आत गेले.

डॉक्टर म्हणाले, त्या अर्ध्या तासाने काही फरक पडला नसता, त्या आधीच गेल्या होत्या. मी त्यांच्यावर विश्वास ठेवलाय. रोज नव्याने ठेवावा लागतो.

दिवसकार्याला नातेवाईक जमले तेव्हाही दुपारी मी आतल्या खोलीत आडवी होते. एका मावशीने कुजबुजत विचारलं, आई गेलीय आणि ही झोपलीय? मला भिंतीपलीकडून ऐकू आलं. पूर्वीची मी असते, तर ताडकन उठले असते. मी उठले नाही. रडले, पण पडून रडले.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाला हा किंवा असाच न संपणारा आजार असेल, तर मी फार धीर देऊ शकत नाही. विश्रांती घेऊन मी बरी झाले नाही. नोकरी गेली ती गेली, आवाज अजून दुपारी जातो. फक्त दुसऱ्या दिवशी उठता येतं. एवढं विश्रांतीने दिलं, आणि आईबरोबरच्या त्या दुपारी दिल्या. त्यासाठी मी ऋणी आहे. घरात कोणी नुसतंच दमत असेल, तर त्याचे घोटे बघा, उशा मोजा, विचारा.

केतकी आता नोकरीला लागली आहे. परवा सुट्टीच्या दिवशी ती हातातलं काम ठेवून हॉलमध्ये सरळ जमिनीवर आडवी झाली आणि म्हणाली, "दमले." प्रकाशने वर्तमानपत्र बाजूला केलं, उठून पंखा वाढवला आणि पुन्हा वाचायला बसला. का दमलीस, असा जाब कोणी विचारला नाही.