शिसं कपड्यांवरून घरात आलं

मैत्रिणींनो, आज आमच्या तीन वर्षांच्या सानियाचा रिपोर्ट आला. तिच्या रक्तात शिसं निघालं. पोट दुखतंय म्हणून ती रडायची आणि आम्ही जंताचं औषध देत राहिलो.

डॉक्टरांनी विचारलं, "घरी बॅटऱ्यांचं काम करता का?"

"घरी न्हाई, बीडला दुकान हाय माझं," आमचे हे म्हणाले.

"बॅटऱ्यांतल्या शिशाची धूळ कपड्यांवरून घरी येते."

दुकानातून आले की त्याच कपड्यांत हे आधी लेकीला उचलून घ्यायचे.

संध्याकाळी हे दुकानातून आले तशी ती धावत गेली, तर ते दारातच मागं सरले. "थांब बेटा, आधी अंघोळ करू दे."

ती रुसून कोपऱ्यात बसली. अब्बूंनी का उचललं नाही, हे एवढ्याशा जिवाला कसं सांगू?