जळक्या यानाला लावलेला हात

“तू लांबूनच बघ. हात बघितलेस का तुझे? डाग पडतील त्यावर.”

सरांनी मनगट धरून मला रांगेतून बाहेर काढलं. चाळीस मुलांसमोर. पुढ्यात ते यान होतं. माणसं घेऊन अंतराळात जाऊन आलेलं, आता कायमचं थांबलेलं. एका बाजूनं नुसता कोळसा. त्याच्यावर म्हणे माझ्या हातांचे डाग पडतील.

हात काळे होते, खरं आहे. कापसाच्या वाळक्या बोंडांची टोकं नखांच्या कडेत घुसतात. चिरा पडतात, चिरांत माती बसते. साबणानं निघत नाही. वरवट बकालच्या आमच्या वस्तीतल्या सगळ्या बायांचे हात तसेच. मी नववीत होते. शाळा सुटली की मायसोबत दुसऱ्यांच्या शेतात वेचणीला जायची.

त्या वर्षी बीटी कापसात गुलाबी अळी निघाली. पाकिटावर लिहिलेलं, बोंडअळी येणार नाही. विचारायला गेलो तर बियाणं विकणारा म्हणाला, बायकांना काय कळतं त्यातलं. मी बोंडं शाळेत नेली, ब्लेडनं चिरली, काचेच्या बरण्यांत ठेवली. कोणत्या शेतातलं बोंड, आत काय निघालं, सगळं वहीत लिहिलं. जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात माझा नंबर आला. बक्षीस म्हणून ही सहल. मोठ्या शहरातलं संग्रहालय.

नांदुऱ्याला गाडीत बसायच्या आधी सरांनी यादी वाचली. ते सहलीचे प्रमुख, जिल्ह्याच्या ठिकाणच्या नावाजलेल्या शाळेतले. माझ्या आडनावापाशी थांबले. मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग पुढचं नाव घेतलं. मला जागा मिळाली डब्याच्या दाराशी, सगळ्यांच्या बॅगा राखायला. मी तिथंच बसले. कुणी नेतंय हेच खूप, असं तेव्हा वाटायचं.

संग्रहालयात माहिती सांगणाऱ्या बाईंनी विचारलं, हे बाहेरून एवढं जळलंय, मग आतली माणसं कशी वाचली? मला येत होतं. शाळेच्या कपाटातल्या पुस्तकात मी ते कितीदा तरी वाचलेलं. मी म्हणाले,

“वरून खाली येतानी लय आग लागते. हे कवच सोता जयते, म्हून अंदरचा माणूस वाचते.”

आधी एक मुलगी हसली. मग सगळे. सरही. बाईंना म्हणाले, खेड्यातली आहे, शुद्ध बोलता येत नाही. बाई म्हणाल्या, उत्तर अगदी बरोबर आहे, कवच जळतं म्हणूनच आतली माणसं वाचतात. त्या हसण्यात ते कुणाला ऐकू गेलं नाही. मला गेलं.

मग बाईंनी दोरी सोडली. एकेकानं या, हळूच हात लावा, म्हणाल्या. माझी पाळी आली आणि सरांनी मनगट धरलं.

मी भिंतीला टेकून उभी राहिले. एकेक जण हात लावून येत होता. आणि मग राग आला. आधी सरांचा नाही, माझाच. एवढा प्रवास मी मान खाली घालून केला. बॅगा राखल्या. आणि त्यालाच शहाणपण समजले.

मी चालत परत गेले. सरांनी हाक मारली. थांबले नाही.

“मी रांगेत होती सर. माझा नंबर हाय.”

अख्खा पंजा टेकवला. खरबरीत लागलं. थंडगार. मनात मोजून दहा होईपर्यंत मी हात काढला नाही.

बाहेर आल्यावर सरांनी मला उद्धट म्हटलं. आणखी एक शब्द म्हटला, जातीचा. तो इथं लिहीत नाही. ज्यांनी तो ऐकलाय त्यांना सांगायची गरज नाही.

आठ दिवसांनी आमच्या शाळेत प्रदर्शन समितीची चिठ्ठी आली, सरांच्या सहीची. मुलीनं माफी लिहून द्यावी, पालकाच्या सहीनं. नाहीतर पुढच्या प्रदर्शनातून नाव कमी. हेडमास्तरांनी माफीचा कागद तयारच ठेवलेला. मायला बोलावलं, अंगठ्यासाठी शाई पुढं केली. मायनं मला तो मोठ्यानं वाचायला लावला. ‘माझ्या गैरवर्तनाबद्दल’ इथं तिनं मला थांबवलं.

“सगळ्यायनं हात लावला होता का?”

“हो माय.”

“मंग माफी तुह्यीच काऊन?”

हेडमास्तर समजावू लागले, पोरीचं नुकसान होईल. होऊ द्या, म्हणाली माय. उठली आणि वेचणीला गेली.

नाव कमी झालं. गावातले लोक म्हणाले, दोन ओळी लिहून द्यायला काय जात होतं. त्याच हंगामात साहेब लोक शेतात आले, पंचनामे झाले, अळी आहे हे सरकारी कागदावर आलं. माझी वही कुणी मागितली नाही. बरण्या शाळेच्या खिडकीत सडल्या.

आज मी याच जिल्ह्यात विज्ञान शिकवते. तपासणीला येणारे सांगतात, मॅडम, मुलांची भाषा सुधारा. मी म्हणते, तुम्ही उत्तर तपासा.

परवा फोन आला. ते सर निवृत्त होताहेत, मोठा सत्कार आहे, त्यांनी सहलीला नेलेल्या मुलांपैकी तुम्ही चार शब्द बोला. मी हो म्हणाले. जाणार आहे. माझ्या बोलीत बोलणार आहे, झालं तसं, नावानिशी, त्यांच्या तोंडावर. त्यांना माफ करायला मी चालले नाही.