सही माझी, मजकूर त्याचा

जेवण झाल्यावर मी जराशी आडवी होते. संध्याकाळी पोलीस ठाण्यात माझ्याच तक्रारीवर जबाब द्यायचा आहे, म्हणून झोपायचं नाही, नुसते डोळे मिटायचे, असं ठरवते. शेजारच्या घरात कुकर शिट्ट्या देतो. त्या शिट्ट्या हळूहळू पट्टेवाल्याच्या पुकाऱ्यासारख्या ऐकू येतात आणि मी कराडच्या कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसलेली असते. शेजारी अण्णा. माझा थोरला भाऊ. मार्गशीर्षात गेला तो.

"काय बातमीदार बाई, आज काय खमंग?"

"आज तूच आहेस."

तो हसतो. दात पूर्वीसारखे सगळे आहेत.

तो गेल्यावर वहिनीने एक संमतीपत्र बाहेर काढलं. वडिलांच्या घरातला माझा हिस्सा मी साडीचोळी घेऊन, स्वखुशीने, अण्णाला सोडला, असं त्यात लिहिलंय. खाली माझी सही. ती माझीच आहे. वडील दवाखान्यात असताना अण्णाने कोरा कागद पुढे केला होता. विजेचं मीटर नावावर करायचंय, म्हणाला होता.

"सही तुझी आहे ना? मग खोटं काय त्यात?" अण्णा विचारतो.

"सही खरी म्हणून कागद खरा होत नाही. मी मीटरसाठी सही दिली, तू तिच्यावर घर लिहिलंस. मला फसवून हक्क काढून घ्यायला. कायदा याला बनावट दस्तच म्हणतो."

"मला नको शिकवूस. बापाचं घर भावाला, हे सगळीकडे चालतं. शेजारच्या तिघी बहिणींनी नाही केल्या सह्या?"

"त्यांना विचारलं होतं, अण्णा."

व्हरांड्याच्या टोकाला आमचं स्वयंपाकघर आहे. आम्ही उठत नाही, तरी तिथे पोचतो. वासंतीवहिनी पाठमोरी कणीक मळते आहे. त्या कागदावर साक्षीदार म्हणून तिची सही आहे.

"तू जबाब दिलास की पोलीस हिलाही आरोपी म्हणून उभी करतील," अण्णा हळू आवाजात म्हणतो. "मला काय करणार? मी सुटलो."

हे तो खरं बोलतो. आणि सहज बोलतो, त्याचा मला जास्त राग येतो.

"मी नाही म्हणेन अशी भीती होती तुला?"

"छे. तू हो म्हणाली असतीस. लगेच."

"मग विचारलं का नाहीस?"

वहिनीचे हात थांबतात.

"विचारलं असतं तर तू दिलं असतंस," तो म्हणतो. "आणि मी घेतलं असतं. धाकट्या बहिणीकडून. जन्मभर तुझ्या उपकारात राहिलो असतो."

म्हणजे घर नकोच होतं मला, हे त्याला ठाऊक होतं. फक्त माझं देणं त्याला नको होतं. माझ्या बातम्यांमधल्या आरोपींपैकी एकाच्याही तोंडून असा हेतू मी ऐकलेला नाही.

आता फरशी गार लागते. अण्णा दहा वर्षांचा आहे, मी पाटीपुढे मांडी घालून बसले आहे. तो मागून माझं मनगट धरतो. "बोटं सैल सोड, कुंदे. मी चालवतो." पाटीवर लिहिलेलं आहे: तक्रार मागे घेते. खाली जागा मोकळी. माझा हात माझं नाव लिहायला लागतो. अक्षर माझंच, वळण माझंच.

"सोड."

"एवढी एकच. वासंतीसाठी."

"सोड, अण्णा!"

मी जागी होते ती फोनच्या आवाजाने. वासंतीवहिनी.

"वन्सं, निघालात का?"

"निघतेय."

"मी काय सांगू त्यांना?"

"अण्णाने तुम्हाला सही करताना काय सांगितलं होतं?"

"म्हणाले, कुंदाला सगळं माहीत आहे. मला खरंच वाटलं तुम्हाला माहीत आहे हो."

"मग तेवढंच सांगा. मीही माझं तेवढंच सांगणार आहे. दोघी एकदमच जाऊ, चपला घाला."

फोन ठेवताना उजव्या मनगटाकडे लक्ष जातं. वरच्या बाजूला चार बोटांचे लालसर वळ आहेत, आतल्या बाजूला अंगठ्याचा. मी हात लावून बघते. दुखतं.

पदर सावरून मी निघते. वळ झाकत नाही.