गाडी ‘त्यांची’ होती

ते प्रकरण अजून मनातून गेलेलं नाही, कारण त्यातली चूक माझी होती.

एकोणीसशे पन्नासनंतरची सुरुवातीची वर्षं. मी कल्याणला पोलीस जमादार होते. खात्यात बायका मोजक्याच, म्हणून बायकांचे जबाब घ्यायला मला पाठवत. शहाडजवळच्या एका जमीनदाराने तक्रार दिली की गोठ्यातली जुनी मोटार चोरीला गेली. दोन दिवसांत खबऱ्याने सांगितलं, कल्याणातला एक मिस्त्री ताडपत्रीखाली मोठी मोटार खोलून बसलाय. त्याला आणलं.

“चोरायची तर चालणारी नसती का चोरली, बाई?” मिस्त्री म्हणाला. “हिचे टायर कुजलेले, मागच्या सीटवर कोंबडी अंडी उबवत बसलेली! तक्रारदाराच्या धाकट्या भावाच्या विधवेने मला विकली. दुरुस्त करून टॅक्सी काढणार होतो.”

मी त्या विधवेकडे गेले. थोरले दीर, म्हणजे तक्रारदार, समोरच खुर्ची टाकून बसले. ती दाराआड, पदर कपाळापर्यंत.

“गाडी कोणाची?”

“त्यांची.”

मी दिरांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. मी लिहिलं, ‘गाडी माझ्या थोरल्या दिरांची आहे.’ जबाब वाचून दाखवला, ती गप्प. अंगठा घेतला. मिस्त्री कोठडीत गेला आणि मोटार मुद्देमाल म्हणून चौकीच्या आवारात, पावसात.

तीनेक आठवड्यांनी कागद लावताना पंचनाम्याचा एक पंच सहज बोलून गेला, “मोटार भर दुपारी बैल जुंपून नेली की गावातून. बैल त्या विधवेचेच.”

चोराला बैल कोण देतं? दीर गावात नाहीत असं पाहून मी पुन्हा गेले.

“त्यांची म्हणजे कोणाची, बाई?”

“आमच्या मालकांची. आनखी कोनाची?”

“नाव सांगा.”

नवऱ्याचं नाव ती कशी घेणार? आत वळून म्हणाली, “अगं, बापाचं नाव सांग तुझ्या.”

आधी खोकल्याची उबळ ऐकू आली, मग नाव. ठाण्याच्या नोंदणी कार्यालयात मोटार त्याच नावावर निघाली.

मुलगी सोळा-सतराची, क्षयाने खंगलेली. सॅनेटोरियममध्ये खाट मिळाली होती. मिस्त्रीकडून मोटारीचे पैसे आले की न्यायचं ठरलं होतं. पैसे अडले आणि खाट दुसऱ्याला गेली.

“मग त्या दिवशी बोलला का नाहीत?”

“थोरल्यांसमोर? आन् तुमी बाईमानूस. मना वाटलं, बरोबरच लिवलं असंल.”

मिस्त्री सुटला. सौदा पुन्हा करायला तयार होईना. “गाडी चांगली आहे हो, पण आता तिच्याकडे बघवत नाही,” म्हणाला. दिरांवर खोट्या तक्रारीचा ठपका ठेवता आला नाही. मीच घेतलेला जबाब त्यांच्या बाजूने होता.

त्यानंतर बाईचा जबाब घेताना मी घरातल्या पुरुषांना बाहेर बसवू लागले. ‘ते’ म्हणजे कोण, हे विचारल्याशिवाय पुढची ओळ लिहिली नाही. गप्प राहणं म्हणजे होकार, असं धरून चालणंही सोडलं. हे मला आधीच कळायला हवं होतं. माझ्या घरी मीही नवऱ्याला ‘ते’च म्हणत असे.

मोटार परत देण्याचा कोर्टाचा हुकूम पावसाळा संपल्यावर आला. तो घेऊन मी स्वतः गेले. मुलगी आठ दिवसांपूर्वी गेली होती.

“आता ती विकून करू काय?” आई म्हणाली.

अहवालात मी ‘समजुतीची चूक’ असं लिहिलं होतं. तिला तसं सांगवेना. हुकूम ओट्यावर ठेवला आणि परत आले.