चिमूटभर मिश्री आणि पोलंडचा पाहुणा

“होऊन जाते ना जी, आजी!” असं म्हणून ती दोन्ही बाह्या कोपरापर्यंत वर सारायची, आणि मला धडकी भरायची. कारण जे होऊन जाणार असायचं, ते बहुतेक वेळा माझ्याच घरात होणार असायचं.

मुलांनो, तुमचा बाबा कॉम्प्युटरच्या नोकरीवर अमेरिकेला गेला आणि त्याची खोली रिकामी झाली, तेव्हाची ही गोष्ट. पुण्यात त्या दिवसांत घरटी एक मुलगा असाच उडत होता, आणि मागे राहिलेल्या आया त्यांच्या खोल्या भाड्याने देत होत्या. मी मात्र सगळ्यांना सांगायचे, “भाडेकरू नव्हे हो, सोबत ठेवली आहे.” ती पोरगी म्हणजेच ही सोबत. वाशीमची होती, दंतवैद्यकीच्या कॉलेजात शिकणारी. पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं, “आजी, तुम्ही इतक्या हळू काहून बोलून राहिल्या? बरं नाही काय?” मी हळू बोलत नव्हते. शुद्ध बोलत होते.

आता ती तिकडेच, आपल्या गावी, स्वतःचा दवाखाना चालवते. तिची-माझी गाठ पडून बरीच वर्षं झाली.

दंतवैद्यकीच्या विद्यार्थ्यांची एक आंतरराष्ट्रीय संघटना असते, हे मला तिच्यामुळे कळलं. दाढा उपटायला शिकणाऱ्या पोरांनी त्यासाठी जगभर हात मिळवावेत, याचं मला आधी फार हसू आलं. पण संघटनेचा एक रिवाज छान होता. एका देशातला विद्यार्थी काही आठवडे दुसऱ्या देशातल्या कॉलेजात जाऊन शिकायचा. त्या पाहुण्याला ज्याने नीट सांभाळलं, त्याला पुढच्या वर्षी पाहुणा होऊन जायला मिळायचं. कॉलेजातलं हे काम हिने अंगावर घेतलं, कारण दुसरं कोणी घेईना. तिच्या घरातल्या कोणी विमान जवळून पाहिलेलं नव्हतं. तिला दुसऱ्या देशातलं कॉलेज बघायचं होतं, आणि तिच्यापुढे तेवढी एकच वाट होती.

पोलंडचा एक मुलगा यायचं ठरलं आणि ऐन वेळी हॉस्टेलने जागा नाकारली.

“आजी, हॉलमध्ये एक गादी टाकली तर?”

“परका मुलगा? सोसायटीतले लोक काय म्हणतील?”

“म्हणतील, आजींकडे फॉरेनर उतरला.”

पोरीने माझं मर्म बरोबर हेरलं होतं. मी कॉन्व्हेंटात शिकलेली. माझं अस्सल इंग्रजी कपाटातल्या चांदीच्या भांड्यांसारखं इतकी वर्षं नुसतं पुसून ठेवलेलं. ते एकदाचं बाहेर निघणार होतं. मी काटे-चमचे घासले, सूप करायला घेतलं, आणि शेजारणींना सहज कळेल अशा बेताने जिन्यातच चार वेळा बोलले.

पाहुणा आला तो दारात डोकं आपटूनच. मी त्याचं स्वागत एका लांबलचक, डौलदार वाक्याने केलं. तो नम्रपणे म्हणाला, “प्लीज, स्लो.” मी तेच वाक्य हळू म्हटलं. तो आणखी नम्र झाला. मग ही आतून आली आणि म्हणाली, “यू हंग्री?” त्याचा चेहरा उजळला. सूप मी एकटीनेच प्यायलं. तो हिच्याबरोबर मिसळ खायला निघून गेला.

संघटनेच्या कामात खेडेगावातलं एक शिबिरही होतं. लोणी काळभोरच्या पलीकडे एका शाळेच्या ओसरीवर मुलांचे आणि बायकांचे दात तपासायचे होते. दुभाष्याचं काम मी आपणहून मागून घेतलं. सुती साडी, टोपी, छत्री, असा माझा थाट बघून मुलांना मीच परदेशी वाटले.

ही ओसरीच्या त्या टोकाला मुलांना घेऊन बसली होती. या टोकाला मी, पाहुणा आणि गावातल्या बायका. त्यांतल्या एका वयस्क बाईंनी कनवटीची डबी काढली, काळ्या भुकटीत बोट बुडवलं आणि हिरड्यांवरून फिरवलं. पाहुण्याने मला विचारलं, हे काय?

ती मिश्री. तंबाखू तव्यावर काळीभोर होईपर्यंत भाजायची आणि कुटायची. बायका ती दात घासायला म्हणून लावतात आणि पुढे ती सुटता सुटत नाही. हे मला चांगलं ठाऊक होतं. पण परक्या माणसापुढे देशाची लाज राखायची जबाबदारी त्या दिवशी माझ्यावर आहे, असं मला का कोण जाणे वाटलं. मी म्हटलं, “अ ट्रॅडिशनल हर्बल टूथ पावडर.”

तेवढं माझं इंग्रजी त्याला नेमकं कळलं. त्याने डबी मागितली, चांगली मोठी चिमूट घेतली, मन लावून दात घासले, आणि थुंकायचं असतं हे न कळून सगळं गिळलं.

जरा वेळाने तो कागदासारखा पांढरा पडला, घामाने भिजला आणि ओसरीवर आडवा झाला. ही धावत आली. त्याचे पाय पिशवीवर उंच ठेवले, नाडी पाहिली, तोंड धुवायला लावलं. मग माझ्याकडे वळली.

“आजी, काय सांगितलं तुम्ही त्याला?”

“हर्बल.”

“बरोबर हाय. तंबाखू झाडालाच लागते.”

डबीवाल्या बाई पदराने वारा घालत होत्या. “अगं बया! एवढा ताडमाड गडी, आन् चिमटीनं आडवा?”

“पाहा मावशी,” ही म्हणाली. “एवढा माणूस एका चिमटीनं पडते. तुम्ही दिवसभर लावता.”

बायका हसल्या, मग एकेकीने तोंडावर पदर घेतला. त्या बाईंनीच पुढे होऊन गालाची आतली बाजू दाखवली. डावीकडे एक पांढरा चट्टा होता. हिचं हसू तिथल्या तिथे मावळलं. “मावशी, कॉलेजात या. नक्की या. मी आजींकडेच राहते,” म्हणून तिने आमचा पत्ता तीनतीनदा घोकून घेतला.

परतीच्या वाटेवर ती त्याला घोटघोट पाणी पाजत होती. पाहुणा तक्रार करणार, आणि तिचं जाणं हुकणार, हे उघड होतं. घरी आल्यावर मी म्हटलं, “मी त्याची रीतसर माफी मागते. चांगल्या इंग्रजीत.”

“नका आजी. हात जोडते. तुम्ही आता इंग्रजी बोलू नका.”

सकाळी पाहुणा उठला, पोटभर पोहे खाल्ले आणि विचारू लागला, त्या भुकटीचा नमुना प्रोफेसरांना दाखवायला मिळेल का? अख्ख्या प्रवासात इतकं कुठेच शिकायला मिळालं नाही, म्हणाला. त्याने संघटनेला तसंच कळवलं. पुढल्या वर्षी ही पोलंडला गेली, त्याच्याच घरी उतरायला.

डबीवाल्या बाई मात्र कॉलेजात आल्याच नाहीत. ही दोनदा गावात जाऊन बोलावून आली होती. दोन्ही वेळा उत्तर एकच, “येते की, घाई काय हाय?” विमानतळाच्या टॅक्सीत बसतानासुद्धा ती मला म्हणाली, “आजी, मावशी आल्या तर सोडू नका त्यांना. तो चट्टा बरा नाही.”

आणि ती गेल्यावर बाई आल्या. दुपारी दारात उभ्या.

“पोरगी कुठंय?”

“परदेशात गेली आहे. पुढच्या महिन्यात येईल.”

“मग म्या बी पुढच्या महिन्यात येते.”

पुढे बाईंचं सगळं वेळेवर झालं आणि त्या बऱ्या झाल्या, हे आत्ताच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही फोन करून विचाराल. पण त्या दुपारी मला ते माहीत नव्हतं. मी त्यांना बसवलं आणि तंबाखू, चट्टा, वेळेवर उपचार यांवर मुद्देसूद भाषण दिलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. “तुमचं समदं बरोबर असंल बाई. पर मला त्यातलं कायबी उमगलं न्हाई. दुसऱ्या कुनाला म्या तोंड दावायची न्हाई.”

आमच्या फोनवरून परदेशी बोलता येत नसे. तुमचा बाबा करायचा, आम्ही उचलायचो. म्हणून मी त्यांना कोपऱ्यावरच्या एसटीडी-आयएसडी बूथवर नेलं. काचेच्या खोलीत आम्ही दोघी शिरलो तशी मालकाने टिचकी मारली. “बाहेर पाटी आहे. एका वेळी एकानेच.”

“वाचली,” मी म्हटलं आणि दार लावून घेतलं.

पोरीने लिहून ठेवलेला पोलंडचा नंबर लावला. पलीकडे पाहुण्याच्या आईने फोन घेतला. मी माझ्या उत्तमोत्तम इंग्रजीत सुरुवात केली. ती तिच्या भाषेत काहीतरी बोलली. शेवटी मी नुसतं पोरीचं नाव ओरडले. धावत आलेली पावलं ऐकू आली. मी दोन वाक्यांत सांगितलं, ती म्हणाली, “द्या त्यांना.”

बाईंनी रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी धरला. “व्हय... जळजळतंय. न्हाई, तिखटानं... तू जेवलीस का गं?... या बाईंबरोबर? जाते की. तू म्हनतीस तर जाते.” मग पलीकडून आणखी काहीतरी विचारलं गेलं असावं. बाईंनी रिसीव्हर कानापासून काढला, तोंडासमोर धरला आणि मोठा आ केला. बोटाने डावा गाल बाजूला ओढला. पोरीला नीट दिसावं म्हणून मान जराशी वळवली.

फोनला दिसत नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण माझी सावली त्यांच्या गालावर पडत होती. मी काचेला चिकटून उजेडातून बाजूला झाले.